खाऱ्या वाऱ्यावरचा नाद

मुरुड नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतील सर्वांत प्रख्यात ते जंजिऱ्याचे, हे आमच्या गावाचे जुने दुखणे आहे. मुंबईच्या बाजारातून मागविलेली एक लहानशी पुडी, जिच्यात चार रेझिस्टन्स, दोन कंडेन्सर आणि मिणमिणणारे पाच दिवे एवढाच ऐवज होता, ती एकदा खाडी-डोंगर ओलांडून प्रथम त्या सिद्दीच्या मुरुडास गेली, तेथे आठवडाभर मुक्काम करून मग आमच्या दारी आली, आणि आणणारा इसम वर मलाच विचारू लागला की पत्त्यात तालुका का लिहिला नाही. तो लिहिला होता. असो. ज्या मुरुडाविषयी हे लिहावयाचे आहे ते रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील. उत्तरेस हर्णै बंदर, दक्षिणेस कर्दे, पुढ्यात समुद्र, मागे जांभ्याचा डोंगर, आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या व दुर्गादेवीचे देऊळ. अशा ठिकाणी विजेच्या सूक्ष्म यंत्रांचा छंद कसा रुजला असेल, हा प्रश्न सकृद्दर्शनी विक्षिप्त वाटेल. परंतु ज्याचा इतिहास कोणी लिहीत नाही अशा गोष्टींतच गावाचा खरा स्वभाव पुष्कळदा दडलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

मुरुडाचा अर्वाचीन इतिहास सांगू पाहणारा कोणीही महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यापासून आरंभ करतो, आणि मीही करणार आहे, मात्र माझे निमित्त निराळे आहे. कर्व्यांचा जन्म १८५८ साली आजोळी शेरवलीस झाला, पण बालपण मुरुडात गेले. आणि तेथे त्यांना जे सोमण गुरुजी लाभले त्यांच्या प्रेरणेने हा मुलगा गावातील मंडळींना देवळात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत असे. पुढे १८७५ साली परीक्षेस बसण्यासाठी तो सवंगड्यांसह सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला, आणि दिसावयास फार लहान म्हणून तेथील अधिकाऱ्यांनी त्याला परत धाडले, ही हकीकत महाराष्ट्रास पाठ आहे. या दोन्ही प्रसंगांतून मला जे दिसते ते असे, की विद्या आणि वार्ता या दोन्ही वस्तू मुरुडास बाहेरून येत, आणि ज्यास त्यांची भूक असे त्याने एक तर स्वतः चालत जावे, नाही तर जो जाऊन आला त्याच्या तोंडाकडे पाहत बसावे, याहून तिसरा मार्ग गावास ठाऊक नव्हता. तो तिसरा मार्ग पुढे आकाशातून आला. आणि तो आला तेव्हा त्याचे दार उघडणारी माणसे पदवीधर नव्हती, व्यापारीही नव्हती. ती नादी माणसे होती.

या शब्दाशी क्षणभर थांबले पाहिजे. इंग्रजीत ज्यास एकच शब्द पुरतो त्यासाठी मराठीने तीन राखले आहेत. छंद हा संस्कृतातून आला, आणि त्यास एक प्रकारचा सोज्ज्वळपणा आहे. हौस ही अरबी हवस फारसीच्या मार्गाने मराठीत येऊन सुशील झाली, आणि तिच्यात थोडा खर्च, थोडा थाट गृहीत असतो. पण नाद हा शब्द ध्वनीचाही वाचक आहे आणि वेडाचाही. नादी लागलेल्या माणसाविषयी घरातली मंडळी बोलतात तेव्हा स्वरात काळजी असते. तारांचा, दिव्यांचा, रेडिओचा जो नाद कोकणात शिरला त्यास छंद म्हणणे फार पुस्तकी होईल, आणि हौस म्हणावे तर तेवढा पैसा कोणाजवळ नव्हता.

या नादाची हत्यारे मात्र गावास अपरिचित नव्हती. पितळेच्या भांड्यात ताक वा आमटी कळकू नये म्हणून कल्हईवाला भात्यावर भांडे लाल करी, नवसागराची चिमूट टाकी, आणि त्या पांढऱ्या धुराच्या लोटात कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात आतली सारी बाजू रुपेरी करून टाकी; तांबट फुटक्या घागरीस डाख लावी, सोनार टाकणखाराच्या साह्याने दागिना झाळी. रेडिओ जोडणाऱ्याची तापती सळई आणि सोल्डरची तार हे याच कुळातले धाकटे भावंड आहे. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे यांची ती मिश्र तार १८३ अंश सेल्सियसला वितळू लागते, म्हणजे शुद्ध कथलाच्याही पन्नास अंश अगोदर, आणि नवसागराऐवजी तेथे राळ वापरतात. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण पहिला धडा त्यातच आहे. कारण नवसागर जागा स्वच्छ करतो खरा, परंतु मागे जो क्षार ठेवून जातो तो केसासारख्या बारीक तारा काही महिन्यांत खाऊन टाकतो. ज्याने कल्हईवाल्याचे पाहून रेडिओस नवसागर लावला, त्याचा रेडिओ एक पावसाळा काढत नसे.

आता आकाशाकडे वळू. आपल्या देशात १९२३-२४ च्या सुमारास कलकत्ता, मुंबई येथे हौशी मंडळींचे रेडिओ क्लब निघाले, आणि पहिली प्रक्षेपणे सरकारने नव्हे तर या क्लबांनी केली, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. ऐकणाऱ्याने वर्षास दहा रुपये भरून परवाना घ्यावा, आणि त्यातील बहुतांश कंपनीस मिळावा, अशी व्यवस्था होती. लोकांनी यंत्रे घेतली, पण परवाने घेण्यात आळस केला. कंपनी १९३० साली बुडाली, आणि सरकारने ते खाते आपल्याकडे घेतले. मग १९३३ चा बिनतारी तारायंत्राचा कायदा आला, ज्याअन्वये परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते बाळगणे हाही अपराध ठरला. म्हणजे एखाद्या पोराने लाकडी खोक्यात वेटोळे गुंडाळून मुंबईचे गाणे ऐकले, तर तो कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार होता. पोस्टात जाऊन दरसाल परवाना ताजा करण्याची ही रीत १९८० च्या दशकापर्यंत चालली, आणि जुन्या घरांच्या फडताळात ती तिकिटे डकविलेली परवाना-पुस्तके अजून सापडतात.

त्या वेटोळ्याच्या यंत्राविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण नवशिक्याचा श्रीगणेशा पन्नास वर्षे त्यावरच झाला. एनॅमल चढविलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक कंडेन्सर, कानास लावावयाचा हेडफोन, आणि शिशाच्या खनिजाचा एक खडा, ज्याच्या पृष्ठावर बारीक तारेचे टोक टेकवून ‘बोलणारा’ बिंदू शोधावयाचा. बॅटरी नाही, वीज नाही. प्रक्षेपकाकडून आलेल्या लहरीच्याच शक्तीवर तो बोले. अशा खनिजाच्या उपयोगाचे पेटंट जगदीशचंद्र बोस यांना अमेरिकेत १९०४ साली मिळाले होते, आणि मालकी हक्काच्या बाबतीत त्या ऋषितुल्य पुरुषाची उदासीनता इतकी प्रसिद्ध आहे की ते पेटंट त्यांनी घेतले हेच नवल मानतात. परंतु असा दुबळा ग्राहक केंद्रापासून दूर चालत नाही. देशावर पन्नास कोसांवर तो मुका होतो. मुरुडाची गोष्ट निराळी. मुंबईपासून ते सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर, आणि त्यातील बहुतेक वाट पाण्यावरची. मध्यम लहरी भूपृष्ठास धरून धावतात, आणि ज्या पृष्ठावरून त्या धावतात ते विजेस जितके वाहक तितकी त्यांची शक्ती टिकते. समुद्राचे खारे पाणी या बाबतीत कोरड्या खडकाळ जमिनीहून शेकडो, कित्येकदा हजारो पटींनी सरस. म्हणून दापोलीच्या माथ्यापलीकडील खोऱ्यात जी केंद्रे खरखरतात ती किनाऱ्यावर स्वच्छ लागतात, आणि वाडीतल्या दोन माडांमध्ये ताणलेली साठ-सत्तर फुटांची तार ही उत्तम आकाशतार ठरते. ज्या समुद्राने गावाचे तरुण मुंबईस नेले, त्यानेच मुंबईचा आवाज गावास आणून पोचता केला.

मात्र तोच समुद्र दुसऱ्या हाताने सारे परत घेई. मुरुडच्या हवेतील मीठ खिडकीच्या गजास, सायकलीच्या आरीस आणि रेडिओच्या पोटातील तांब्यास सारखेच लागते. तांब्यावर हिरवा जंगाल चढतो, कंडेन्सरचे पाय काळवंडतात, आवाज लहान-मोठा करणारी खुंटी फिरविली की ती कर्रकर्र बोलू लागते. देशावर दहा वर्षे बिनतक्रार चालणारे यंत्र येथे तिसऱ्या पावसाळ्यास आजारी पडे. दुरुस्तीसाठी ते कोठे न्यावयाचे? पूर्वी हर्णैच्या बंदरास आगबोट लागे, तीही बाहेर समुद्रात उभी राहून, आणि माणसे व बोचकी पडावातून ने-आण होत; मृगाच्या आगेमागे ती वाहतूक बंद पडली की नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईची वाट तुटे. अशा पावसाळी बंदीवासात मुका झालेला रेडिओ उघडून पाहण्याचा मोह घरातील एखाद्या मुलास झाला नसता तरच आश्चर्य. माझे मत असे आहे, आणि ते मी थोड्या आग्रहाने मांडतो, की पुण्या-मुंबईच्या हौशी मनुष्याने हा नाद पुस्तकातील आकृतीपासून आरंभिला, पण कोकणातील मनुष्याने तो बिघाडापासून आरंभिला. आणि म्हणून त्याचे ज्ञान ओबडधोबड असले तरी त्यास वस्तूच्या मरणाची चांगली ओळख होती.

ही नादी माणसे इतिहासाच्या भर रस्त्यावर एकदाच आली, ती १९४२ साली. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी बिनतारी प्रक्षेपकांचे परवाने रद्द करून यंत्रे जमा करण्याचा हुकूम काढला होता. मुंबईच्या नरिमन प्रिंटर नावाच्या हौशी तंत्रज्ञाने आपले यंत्र सुटे केले, आणि त्याच सुट्या भागांतून पुढे ‘काँग्रेस रेडिओ’ या चळवळीच्या गुप्त केंद्राचा प्रक्षेपक उभा राहिला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर त्याचा आवाज प्रथम उमटला. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी घरे बदलीत जवळजवळ अडीच महिने पोलिसांस चकवीत राहिले, आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री गिरगावात पकडले गेले. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली व येरवड्यास धाडण्यात आले. या कथेतील देशभक्ती सर्वांनी सांगितली आहे. मला तिच्यातील कारागिरी पुनःपुन्हा आठवते. भाड्याच्या खोलीत, चोरून, जप्तीच्या भीतीत जोडलेले ते यंत्र चालले याचे श्रेय त्यापूर्वीच्या कित्येक निरुद्योगी मानलेल्या रात्रींना आहे, ज्या रात्री कोणी तरी केवळ नादापायी तारा जोडीत बसला होता.

युद्ध संपले आणि लष्कराचा टाकाऊ माल मुंबईच्या बाजारात उतरला. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेस जो लॅमिंग्टन रस्ता, मुंबई इलाख्याच्या एका गव्हर्नराच्या नावाचा, आणि आता ज्याचे सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, तो पुढे या नादाची पंढरी झाला. पुण्यात तेच स्थान बुधवार पेठेतील तपकीर गल्लीस मिळाले. तपकिरीच्या नावाच्या गल्लीत चिमटीने मोजून घ्यावयाचा माल विकला जावा हा योगायोग मोठा रम्य आहे. पन्नाशीच्या दशकाअखेर ट्रान्झिस्टर आला, आणि साठीच्या दशकात बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर देशातच करू लागली, तेव्हा एसी-१२८ हे नाव हौशी मुलांच्या तोंडी रामरक्षेसारखे बसले. काचेच्या व्हॉल्व्हला दोन-अडीचशे व्होल्ट लागत, ज्या गावात वीज नाही तेथे तो केवळ महागड्या बॅटऱ्यांवर जगे. ट्रान्झिस्टरला विजेरीचे चार सेल पुरत. गणपतीस किंवा शिमग्यास येणाऱ्या चाकरमान्याच्या खांद्यावर चामडी पट्ट्याचा ट्रान्झिस्टर लटकू लागला, आणि सत्तरीनंतर हर्णै-दाभोळ पट्ट्यातील मुसलमान कुटुंबांतले तरुण आखाती देशांत गेले ते परतताना जपानी टू-इन-वन घेऊन आले. १९७७ मध्ये रत्नागिरीस आकाशवाणीचे केंद्र झाले, आणि उत्तरेच्या मुंबईस दक्षिणेचा शेजार मिळाला.

भाषेचे म्हणाल तर हा सारा व्यवहार दोन बोलींत चाले. १९२८ साली पुण्यास निघालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने मराठीत शास्त्र सांगण्याचा प्रघात पाडला, आणि पुढे परिभाषाकारांनी रोधक, धारित्र, अर्धसंवाहक, विद्युत् मंडल असे सुघटित शब्द घडविले. ते शब्द मला मनापासून आवडतात. पण दुकानाच्या फळीशी उभे राहून कोणी ‘दहा मायक्रोफॅरडचे धारित्र द्या’ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. तेथे कंडेन्सर मागतात. गंमत अशी, की इंग्रजी बोलणाऱ्यांनी स्वतः हा कंडेन्सर शब्द केव्हाच टाकून कपॅसिटर धरला, आणि त्यांचा तो टाकलेला शब्द आपल्या बाजारात अजून सुखाने नांदतो आहे.

महाराष्ट्रातील हौशी इलेक्ट्रॉनिकीचा खरा उत्सव मात्र रेडिओ नव्हे. तो गणपतीची आरास. १९६९ साली दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक निघू लागले, आणि त्यातील आकृत्या हाताने उतरवून घेतलेल्या वह्या एका हातातून दुसऱ्या हाती जात. पण त्या आकृत्यांपैकी सर्वांत अधिक वेळा जी प्रत्यक्षात उतरली ती निःसंशय पळत्या दिव्यांची. हिचे दोन आधारस्तंभ. एक ५५५ नावाची चकती, म्हणजे इंग्रजीतली चिप, जी हान्स कामेनझिंड या स्विस जन्माच्या अभियंत्याने रचली आणि १९७२ पासून विकली जाऊ लागली. ती दोन रेझिस्टन्स व एक कंडेन्सर यांच्या जोरावर ठरावीक कालाने टिचकी देते. दुसरी ४०१७, जी त्या टिचक्या मोजते, आणि प्रत्येक टिचकीस आपल्या दहा पायांपैकी पुढल्या पायावर वीज सोडते. दहा पायांस दहा दिवे लावले की प्रकाश मखराभोवती धावू लागतो. भाद्रपदाच्या आधीच्या पंधरा रात्री घरोघर राळेचा तो गोडसर धूर, एखाद्या दिव्याचे उलटे जोडलेले पाय, ‘हात लावू नको, शॉक बसेल’ असे आजीचे ओरडणे, आणि ऐन प्राणप्रतिष्ठेच्या सकाळी तिसरा दिवा मुद्दाम रुसून बसणे. कोकणात तर चाकरमानी येणार म्हणून ही आरास म्हणजे गावात राहिलेल्याने मुंबईकरास दाखवावयाचे उत्तर असे. कित्येक अभियंते या मखरातून निघाले, आणि कित्येक उत्तम वायरमनही. या दुसऱ्यांचा सत्कार कोणी केलेला मला आठवत नाही.

पळत्या दिव्यांत एक उणीव होती. ते पळत, पण एकाच रीतीने पळत. चाल बदलावयाची तर तारा उपटून नव्याने झाळाव्या लागत. ही उणीव ज्या वस्तूने दूर केली ती मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चकतीत बसविलेला कारकून, त्याची फाईल आणि त्याचे हात-पाय. १९७४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने असा पहिला माल बाजारात आणला. १९८० साली इंटेलची ८०५१ आली, आणि तिने आपल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात जे ठाण मांडले ते पिढ्यान्‌पिढ्या हलले नाही. तिच्या स्मरणाची व्याप्ती १२८ बाइट. आजच्या संगणकी लेखनपद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे तिच्या साऱ्या चालू स्मरणात बेचाळीस चिन्हे मावतील. हे मागचे वाक्यसुद्धा तिच्यात मावणार नाही. तरी धुलाईयंत्रापासून वजनकाट्यापर्यंत अर्धे जग त्या बेचाळीस चिन्हांवर चालले. हौशी मनुष्यास ती दुर्मिळ होती याचे कारण निराळे: तिला एकदा शिकविलेले पुसावयाचे तर काचेची खिडकी असलेली महाग जात घेऊन तिला वीसेक मिनिटे अतिनील प्रकाशाखाली ठेवावे लागे, आणि शिकविण्याचे यंत्र तर कॉलेजच्या कुलूपबंद कपाटातच असे. १९९३ मध्ये अ‍ॅटमेल कंपनीने विजेनेच पुसता येणारी ८९सी५१ काढली, आणि ते कपाट निम्मे उघडले.

पुरते उघडले ते इटलीतील इव्रेया नावाच्या लहानशा गावी. तेथील एका डिझाइन-विद्यालयात, विद्युत्-शास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यांना स्वस्तात काही करता यावे म्हणून मासिमो बान्झी आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली एक पाटी तयार केली, आणि तिला गावातील एका पानगृहाचे नाव दिले, जे स्वतः अकराव्या शतकातील आर्दुइन राजाच्या नावाचे होते. आर्डुइनो ती हीच. तिच्या पोटातली चकती नॉर्वेच्या ट्रॉनहाइम येथील दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून जन्मली होती; आणि रचना कोणीही उतरवून घ्यावी अशी मुभा असल्यामुळे तिच्या स्वस्त नकला चिनी कारखान्यांतून निघून लॅमिंग्टन रस्त्याच्या फळ्यांवर अल्पावधीत दिसू लागल्या. नवशिक्याची पहिली कृती तीच जुनी आहे: एक दिवा, एक रेझिस्टन्स, आणि तो दिवा सेकंदाने लागावा, सेकंदाने विझावा. पण आता ‘सेकंद’ हा कंडेन्सरात नाही, वाक्यात आहे. आकडा बदलला की दिव्याची चाल बदलते, सळई तापवावी लागत नाही. जुने लोक यावर नाक मुरडतात. मीही थोडे मुरडले होते, पण पोराने एका संध्याकाळी दिव्यास अकरा चाली शिकविलेल्या पाहून ते सरळ केले.

महाराष्ट्रात या नव्या विद्येची ग्रामीण पेठ प्रथम वसली ती कोकणात नव्हे, पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली त्या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम काढला, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीबाहेरील पहिल्यांपैकी एक फॅब लॅब तेथे सुरू झाली, जिच्यात शाळा सुटलेली मुले हाताने मंडले जोडीत. पुढे २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल योजनेतून निवडलेल्या शाळांना अशा प्रयोगशाळांसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले. आणि ज्या उदाहरणाचे मुरुडच्या वाडीवाल्यास विशेष अगत्य वाटावे ते पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे: शेतावरचा पंप घरबसल्या भ्रमणध्वनीवरून चालू-बंद करणारे त्यांचे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत गौरविले गेले.

कारण पोफळ हे झाड पाण्यावाचून एक आठवडाही धीर धरीत नाही. पूर्वी वाडीच्या विहिरीवर रहाट फिरे, लोटे भरून पन्हळीत रिते होत, पाटाने पाणी आळ्याआळ्यांत जाई, आणि या शिंपण्याच्या रोजच्या फेऱ्यात घरातले एक माणूस व एक बैल कायमचे अडकलेले असत. वीज आली, पंप बसले, आणि बैल सुटला. माणूस सुटला नाही, कारण वीज केव्हा येईल, विहीर केव्हा तळ गाठील, याची राखण करावयास कोणी तरी लागेच. एका तरंगत्या गोळ्याने विहिरीची पातळी कळवावी, दुसऱ्या यंत्राने आळ्याची ओल सांगावी, आणि मधल्या चकतीने पंपास हुकूम द्यावा, ही रचना आज हजार-बाराशे रुपयांत कोणताही उत्साही मुलगा उभी करतो. किनाऱ्याच्या वाडीस तर आणखी एक प्रयोग शोभून दिसेल: वैशाखात समुद्र जमिनीखालून सरकून विहिरीचे पाणी मचूळ करू लागतो, आणि मीठ वाढले की पाण्याची विद्युत्-वाहकता वाढते, पाण्यात बुडविलेल्या दोन कांड्यांमधून क्षणभर वीज सोडून ती मोजली, तर जिभेच्या आधी चकतीला कळेल. ज्या गुणामुळे मुंबईची लहर मुरुडास पोचली, तोच गुण येथे चहाडी करील.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ शेजारच्या श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढले, आणि दापोली-मंडणगडच्या वाड्यांत माड-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, भ्रमणध्वनीचे मनोरे मुके झाले, कित्येक गावांत दिवस-दिवस अंधार राहिला. त्या अंधारात माळ्यावरचे जुने ट्रान्झिस्टर खाली आले, सेल घातले, आणि ज्यांची खुंटी कर्रकर्र करीत का होईना फिरली त्यांच्याभोवती शेजारची माणसे येऊन बसली.

माझ्या स्वतःच्या वाडीत आळ्याची ओल मोजण्यासाठी रोवलेली पहिली दुपायी कांडी दोन महिन्यांत निकामी झाली. तिच्यातून अष्टौप्रहर एकाच दिशेने वीज वाहत राहिल्याने एका पायावरचे तांबे मातीत विरघळून गेले होते, जसे मुलामा देणाऱ्याच्या हौदात एका पत्र्याचे तांबे दुसऱ्यावर जाते. आता प्रोग्रॅम बदलून तासातून एकदाच, तेही निमिषभर, वीज सोडतो. जोडांवर व्हर्निशचे दोन हात दिले आहेत, आणि डबी पोफळीच्या बुंध्याशी समुद्राकडे पाठ करून बांधली आहे. परवा श्रावणाची उघडीप पाहून ती खोलली. पाच जोडांपैकी चार चकचकीत होते. पाचव्यावर मुगाएवढा हिरवा ठिपका. पडवीत सळई तापत ठेवली, कानशीने तो ठिपका खरवडला, आणि राळेची डबी शोधावयास आत गेलो.